भूल कुणी दिली, हे कुणी विचारतं का?

आपल्या गावात कुणाचं ऑपरेशन झालं की चार दिवसांत सगळ्या आळीला तपशील पाठ होतो. कोणत्या दवाखान्यात झालं, सर्जन कोण, टाके किती पडले, बिल किती आलं, पित्ताशयातले खडे मुगाएवढे निघाले की हरभऱ्याएवढे, हे पारावर बसलेला माणूससुद्धा सांगेल. पण त्याला विचारा, 'बाबा, भूल कुणी दिली?' तो गप्प होईल. खुद्द पेशंटलाही ते नाव ठाऊक नसतं. 'होते एक डॉक्टर, तोंडाला हिरवं फडकं बांधलेले,' एवढीच ओळख.

आणि मंडळी, गंमत अशी की ऑपरेशनची आठवण म्हणून माणसाजवळ जे काही उरतं ते बहुतेक त्या हिरव्या फडक्यावाल्याचंच असतं. सर्जनचं काम पेशंटनं पाहिलेलंच नसतं. लक्षात राहतो तो भुलीत जातानाचा क्षण आणि भुलीतून बाहेर येतानाचा क्षण. इंदापूर-बारामतीकडं फिरताना मी हा विषय मुद्दाम काढत आलो आहे. ज्याला विचारावं त्याच्याजवळ गोष्ट असते.

एक ऊस बागायतदार सांगत होते, 'वर ताटाएवढा दिवा. हाताच्या शिरेतनं गार गार काहीतरी चढत गेलं. डॉक्टरांनी विचारलं, शेतात काय? म्हटलं ऊस. म्हणाले, जात कोणती? मी शहाऐंशी म्हणालो आणि शून्य बत्तीस म्हणायचं राहूनच गेलं.' दुसऱ्या एकाला दहापर्यंत आकडे मोजायला सांगितले होते. चारच्या पुढं आठवत नाही. एक आजीबाई म्हणाल्या, 'कुणीतरी मावशी डोळे उघडा, मावशी डोळे उघडा म्हणत होतं. आवाज विहिरीच्या तळातनं आल्यागत.' आणि जवळजवळ प्रत्येकाचा शुद्धीवर आल्यावरचा पहिला प्रश्न एकच: 'अजून सुरू का नाही केलं?' दोन-दोन तास गेलेले असतात, पण त्यांचा हिशेब डोक्यात कुठंच लागत नाही. रात्रीच्या झोपेत वेळ गेल्याची थोडी तरी जाणीव असते. इथं तो तुकडा विळ्यानं कापून काढावा तसा नाहीसा होतो.

माझं स्वतःचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाही हेच. पांढरं, थेट दुधासारखं दिसणारं औषध शिरेत सोडलं. मनगटापासून कोपरापर्यंत चुरचुरलं. छताकडं बघत होतो, छत जरा हललं, आणि लगेच घसा खवखवतोय, दात कडकडा वाजताहेत, अंगावर घोंगडी आहे. मधलं काही नाही. ते औषध प्रोपोफॉल. १९८६ साली ते वापरात आलं आणि हळूहळू सगळीकडं पसरलं. त्याआधी पेंटोथाल देत. ते घेतलेले लोक अजून सांगतात की डोळे मिटता मिटता तोंडाला लसणाची चव आली.

त्याच्याही आधीच्या माणसांची गोष्ट निराळीच. नाकावर जाळीचा मुखवटा, त्यावर फडकं, फडक्यावर थेंब थेंब ईथर. वासानं जीव घुसमटायचा, चौघे जण हातपाय धरायचे आणि नंतर दोन दिवस ओकाऱ्या. आजोबांच्या पिढीला ऑपरेशनची जी धास्ती होती, ती निम्मी सुरीची आणि निम्मी या फडक्याची होती. हा ईथर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं चारचौघांसमोर वापरून दाखवला. म्हणूनच तो दिवस भूलदिन म्हणून पाळतात. वर्षभरात, १८४७ मध्ये, एडिंबराच्या सिम्पसननं क्लोरोफॉर्म आणला. ते नाव आपल्याकडं इतकं रुळलं की जुनी माणसं आजही कुठल्याही भुलीला 'क्लोरोफॉर्म दिला' असंच म्हणतात.

ससूनमधला कंदील

आपल्या जिल्ह्यातली सर्वांत गाजलेली भूल कोणती, असं कुणी विचारलं तर मी १२ जानेवारी १९२४ ची रात्र सांगेन. महात्मा गांधी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. पोटात दुखू लागलं, ताप आला, अपेंडिक्स सुजल्याचं निदान झालं आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. त्यांच्या परिचयाचे डॉक्टर वेळेत पोचण्यासारखे नव्हते. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं रात्रीच ऑपरेशन करायचं ठरवलं.

आता सरकारच्या कैद्याचं ऑपरेशन सरकारचा डॉक्टर करणार. काही बरंवाईट झालं तर देश पेटेल, ही सगळ्यांनाच काळजी. भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं. ऑपरेशनला आपली संमती आहे, डॉक्टरांनी आपली नीट काळजी घेतली आहे, असं निवेदन तयार झालं आणि गांधीजींनी अंथरुणातच थरथरत्या हातानं त्यावर सही केली. आज आपण दवाखान्यात ज्या कागदावर न वाचता अंगठा उठवतो ना, तोच हा कागद. फरक इतकाच की त्यांनी काय लिहिलंय ते समजून घेऊन सही केली.

ऑपरेशन सुरू झालं. पोट उघडलेलं, रुग्ण भुलीत, आणि बाहेर वादळ-पाऊस. वीज गेली. परिचारिकेच्या हातात बॅटरी होती तीही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन पुरं केलं. जखमेला पुढं पू झाला, बरं व्हायला वेळ लागला, पण माणूस वाचला. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना बिनशर्त सोडलं.

या गोष्टीत एक बारकावा आहे. वीज गेली, बॅटरी विझली, खोलीत धावपळ झाली, यातलं ज्याच्यावर ऑपरेशन चाललं होतं त्या माणसाला काहीही कळलं नाही. त्याच्या वतीनं दुसरं कुणीतरी जागं होतं. मॅडॉकचं नाव इतिहासात राहिलं. त्या अंधारात रुग्णाच्या उशाशी बसून श्वासावर लक्ष ठेवणाऱ्याचं नाव तुमच्या-माझ्या तोंडी आहे का? नाही. म्हणजे आळीतला प्रकार नवा नाही, फार जुना आहे.

भुलीत नेमकं होतं काय

पुष्कळांना वाटतं भूल म्हणजे झोपेचं जालीम इंजेक्शन: एकदा टोचलं की भूलतज्ज्ञाचं काम संपलं, मग तो चहा प्यायला मोकळा. तसं नाही. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो ओरडतो. पूर्ण भुलीतल्या माणसाला सुरीही कळत नाही, कारण मेंदूतल्या एका भागाची खबर दुसऱ्या भागाला पोचतच नाही. शिवाय पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून वेगळं औषध देतात. त्यानं श्वासाचे स्नायूही थांबतात. मग घशातून श्वासनलिकेत नळी घालून यंत्रानं श्वास द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी घसा दुखतो तो याच नळीमुळं. म्हणजे दोन तासांच्या ऑपरेशनमध्ये दोन तास तुमचा श्वास तुमच्या मालकीचा नसतो. तो भूलतज्ज्ञ चालवतो. नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड बघत तो सारखा औषधाची मात्रा कमी-जास्त करत असतो. बिगर जळालेल्या मोटारीवर रात्रभर लक्ष ठेवणारा माणूस आणि हा, दोघांचं काम एकाच जातीचं. काही घडलं नाही तर कुणाला कळतही नाही की त्यानं काही केलं.

सर्वांच्या पोटात एकच भीती असते, 'उठलोच नाही तर?' ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एके काळी ती खरीच होती. अमेरिकेतल्या दहा मोठ्या रुग्णालयांतल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या सुमारे सहा लाख रुग्णांचा हिशेब डॉक्टरांनी मांडला, तेव्हा भुलीमुळं दर दीड हजारांमागं एक मृत्यू दिसला. आज चांगली सोय असलेल्या ठिकाणी, धडधाकट माणसाच्या बाबतीत हेच प्रमाण लाखात एखादा इतकं खाली आलं आहे. हे कशानं झालं? चांगली औषधं आली, शिकलेली माणसं आली, आणि एक छोटासा चिमटा आला. बोटाला लावायचा. कोरोनाच्या वेळी २०२० साली आशाताई घरोघरी जाऊन तो तुमच्या बोटाला लावत होत्या, तोच ऑक्सिमीटर. तो येण्याआधी भूलतज्ज्ञ ओठ आणि नखं निळी पडतात का, यावर नजर ठेवून असत. निळं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असे. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी नखांचं पॉलिश काढायला सांगतात. त्यात नटण्यामुरडण्याला विरोध नाही, चिमट्याचा उजेड नखातून नीट पार जावा एवढंच.

दुसरी भीती, 'मध्येच जाग आली तर?' इंग्लंड-आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली. २०१४ च्या तिच्या अहवालात असं आढळलं की मध्येच जाग आल्याचं सांगणारे रुग्ण सुमारे एकोणीस हजार भुलींमागं एक. म्हणजे घडतं, पण क्वचित. कुणाला तसं वाटलंच तर ते मनात न ठेवता डॉक्टरांना सांगावं. 'तुला भास झाला' म्हणून घरच्यांनी गप्प करू नये.

कमरेतल्या भुलीचा प्रकार वेगळा. सिझेरियन, हर्निया, मूळव्याध, गुडघा, यांना बहुधा तीच देतात. माणूस जागा असतो, कमरेखाली बधिर. हत्यारांचा खणखणाट ऐकू येतो म्हणून काही जण घाबरतात. सांगितलं तर हलकी गुंगी देतात. 'कमरेत सुई टोचली आणि तेव्हापासून जन्माची कंबर गेली,' हे आपल्या बायकांच्या तोंडचं ठरलेलं वाक्य. सुईच्या जागी चार-आठ दिवस दुखतं, काहींना डोकेदुखी होते आणि तिच्यावर इलाज आहे. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर सुईवर फोडता येत नाही. गरोदरपणात ताणलेली कंबर, बाळंतपणानंतर दीड महिन्यात डोक्यावर घेतलेला वैरणीचा भारा आणि दिवसभर वाकून केलेली खुरपणी यांचा हिशेब आधी मांडा.

बैलाची वैरण तोडता, मग आजीला चहा का?

ऑपरेशन पुढं ढकललं जाण्याचं गावाकडचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे माया. सून सांगते उपाशी ठेवायचंय, आणि म्हातारी लेकाच्या हातात गुपचूप भाकरी ठेवते, 'रिकाम्या पोटी एवढं मोठं ऑपरेशन कसं सोसेल?' किंवा चहा. चहाला आपल्याकडं कुणी खाणं मानतच नाही.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. सकाळी सातला त्यांनी चहा-बटर घेतलं, नऊला त्यांचा नंबर. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, 'काही खाल्लंय?' पोरगा म्हणाला, 'नाही.' बाईंनी पुन्हा विचारलं, 'चहा?' पोरगा म्हणाला, 'चहा काय, चहा घेतलाय की.' ऑपरेशन दुपारवर गेलं. बाईंवर घरचे चिडले, गाडीभाडं वाया गेलं म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, 'तुम्ही चिडा, पण पेशंट घरी न्यायचाय ना?'

कारण असं. भुलीत घशाची राखण सुटते. एरवी पाण्याचा थेंब चुकून श्वासनलिकेत गेला तर आपण ठसका देऊन बाहेर काढतो. भुलीत ठसका बंद. पोटात अन्न असेल तर ते वर येतं आणि थेट फुप्फुसात उतरतं. पोटातलं आम्ल फुप्फुस जाळतं. माणूस जाऊ शकतो. दुधाचा चहा पोटात गेला की दुधाचं दही होतं, म्हणून चहा हे खाणंच. आजचा सर्वसाधारण नियम असा: भाकरी-भात-दूध-चहा यांना सहा तास, मटण किंवा तेलकट जेवणाला आठ, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या दुधाला चार, आणि साध्या पाण्याला दोन. बाळंतीण, मधुमेही, पोट दुखत असलेला रुग्ण यांचं पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून त्यांना वेगळं सांगतील ते ऐकावं.

शेतकऱ्याला हे नवीन वाटायला नको. बैलाच्या शिंगाला कॅन्सर झाला आणि गुंगी देऊन शिंग काढायचं असलं की पशुवैद्यक आदल्या दिवसापासून वैरण तोडायला सांगतात. आपण काय करतो? दावणीपुढची कडब्याची पेंढी उचलतो, गव्हाण झाडून घेतो, पोरांना बजावतो. तिथं शिस्त पाळणारा माणूस आपल्याच आईच्या बाबतीत 'एक घोट घे, काय होतंय' म्हणतो!

जे लपवता, तेच अंगाशी येतं

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ येऊन दहा-बारा प्रश्न विचारतो. तोंड उघडा म्हणतो, मान वर करा म्हणतो. लोकांना वाटतं उगीच वेळकाढूपणा. उलट या पाच मिनिटांतच पुढच्या दोन तासांचं भवितव्य ठरतं, आणि नेमक्या याच पाच मिनिटांत आपली माणसं खोटं बोलतात.

तोंडाचंच घ्या. निमगाव केतकीच्या पानमळ्यांचं आपल्याला कौतुक आहे, ते असावंही. पण पानाबरोबर सुपारी आली, तंबाखू आली, बायकांच्यात मिसरी आली, आणि पोरांच्यात गुटखा. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, ती कशी पाळली जाते हे टपरीवर दिसतंच. वर्षानुवर्षं सुपारी-गुटखा चघळून गालाची आतली कातडी चामड्यासारखी घट्ट होते आणि तोंड उघडेनासं होतं. तुमची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर भुलीच्या वेळी श्वासाची नळी नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. मग दुर्बिणीनं, नाकावाटे, माणूस जागा असतानाच नळी घालावी लागते. आधी ठाऊक असेल तर ते जमतं. बेशुद्ध केल्यावर कळलं तर पळापळ. बारामतीच्या शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि तंबाखू-सुपारीनं काय केलं हे त्यांनी पुढं जाहीरपणे सांगितलं. एवढा मोठा माणूस चारचौघांत सांगतो, मग तुम्हाला बंद खोलीत डॉक्टरला सांगायची कसली लाज?

दारूचं तेच. रोज घेणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागतं, आणि ऑपरेशननंतर दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, भ्रम होतो, झटकेही येतात. ठाऊक असेल तर डॉक्टर आधीच औषध सुरू करतात. पण मुलगा शेजारी उभा असताना बाप कबूल करत नाही, सासूसमोर सून मिसरीचं नाव काढत नाही. यावर साधा उपाय आहे. 'डॉक्टर, जरा एकट्याला बोलायचंय,' असं म्हणा. नातेवाइकांना बाहेर पाठवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

आता एक गोष्ट सांगतो ती शेतकऱ्यांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण शहरातल्या पेशंटला ती सहसा लागू होत नाही. फवारणी. नळी घालण्याच्या वेळी स्नायू झटकन सैल करायला सक्सिनिलकोलिन नावाचं औषध वापरतात, विशेषतः तातडीच्या ऑपरेशनला. त्याचा असर पाच-दहा मिनिटांत उतरतो, कारण आपल्या रक्तातलं एक विकर ते मोडून टाकतं. आता क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं हेच विकर बंद पाडतात. किडीचा जीव जातो तोही त्याच घराण्यातल्या विकरावर घाव घालून. हातमोजे नाहीत, तोंडाला नुसता रुमाल, पाठीवरचा पंप गळका, अशा थाटात जो सलग फवारत असतो त्याच्या रक्तातलं हे विकर कमी झालेलं असू शकतं. त्याला स्वतःला काही त्रास जाणवत नसेलही. पण भुलीत ते औषध दिलं की दहा मिनिटांत उतरायचं ते तासन् तास उतरत नाही. माणूस आतून शुद्धीवर येतोय पण बोट हलवता येत नाही, श्वास घेता येत नाही. यंत्रावर ठेवला तर औषध उतरेपर्यंत निभावतं. यंत्र आणि माणूस दोन्ही हजर नसेल तर काय होईल, ते लिहायला नको.

यावर तोड अगदी सोपी आहे. भूलतज्ज्ञाला कळलं तर तो दुसरं औषध वापरतो, वेळ असेल तर रक्तातल्या विकराची तपासणीही करतो. कमी झालेलं विकर भरून यायला काही आठवडे लागतात, म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी महिना-दीड महिना फवारणी दुसऱ्याकडं सोपवलेली बरी. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्यांचा सपाटा असतो. त्यात बुरशीनाशकं वेगळी, कीटकनाशकं वेगळी. कोणतं काय, हे पेशंटनं पाठ करायची गरज नाही. डबा किंवा डब्याच्या लेबलाचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो दाखवा, बस्स. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले तेव्हा सगळीकडं चर्चा झाली. पण जो दगावला नाही, नुसता थोडाथोडा भिनवत राहिला, त्याची चर्चा कुठंच होत नाही. तो एक दिवस अपेंडिक्स घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर येतो.

सांधेदुखीच्या पुड्यांचंही सांगायला हवं. बाजारात, जत्रेत 'शंभर टक्के गावठी' म्हणून मिळणाऱ्या अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. दीर्घकाळ ते घेतलेल्या माणसाचं शरीर ऑपरेशनचा ताण सोसायला कमी पडतं, रक्तदाब अचानक कोसळू शकतो. पुडी सोबत न्या. रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ होण्याची गोळी आपल्या मनानं चालू ठेवू नका आणि बंदही करू नका. कोणती घ्यायची ते विचारा. घराण्यात कुणाला भुलीनंतर फार उशिरा जाग आली असेल किंवा भुलीत जबर ताप चढला असेल तर तेही सांगा, असे दोष रक्तातून येतात. कवळी काढून ठेवा, हलणारा दात दाखवा. मंगळसूत्र, जोडवी, नथ उतरवताना बायांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण रक्त थांबवायला विजेचं हत्यार वापरतात आणि अंगावरच्या धातूला चटका बसू शकतो. डॉक्टर काही अपशकुन करत नसतात.

भूल उतरताना

जाग येताना थंडी वाजते, मळमळतं, घसा धरतो, माणूस असंबद्ध बोलतो. 'मी भुलीत काही बोललो का?' ही पुरुषांची मोठी काळजी. पूर्ण भुलीत नळी तोंडात असताना बोलणं शक्यच नाही. शुद्धीवर येताना दोन-चार वाक्यं निघतात, ती बहुधा पाण्याची पाळी किंवा पोरांची नावं असतात. गुपितं फुटत नाहीत, निर्धास्त असा.

म्हाताऱ्या माणसांचं मात्र जपायला हवं. ऑपरेशननंतर दोन-चार दिवस काही वृद्ध भ्रमात जातात. रात्री उठून बसतात, सलाईन ओढतात, मेलेल्या माणसांना हाका मारतात, लेकाला ओळखत नाहीत. गावाकडं लगेच 'बाधा झाली' म्हणून अंगारा-धुपारा सुरू होतो किंवा 'भुलीनं डोकं फिरवलं' म्हणून दवाखान्यात भांडण. हा वैद्यकातला ओळखीचा प्रकार आहे आणि बहुतेकांचा उतरतो. चष्मा आणि कानाचं यंत्र शक्य तितक्या लवकर परत द्यावं, ओळखीचं एकच माणूस उशाशी बसवावं, दिवसा खिडकी उघडी आणि रात्री दिवा मंद ठेवावा, वार-तारीख सांगत राहावं. लघवी अडकलीय का, ताप आहे का, हे डॉक्टरांना बघायला लावावं. वीस पाहुण्यांनी एकदम भेटायला जाऊ नये.

आणि चोवीस तास कुणीही मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीवरच्या स्टार्टरला हात लावू नये. कोणत्याही कागदावर सहीसुद्धा करू नये. माणूस शहाण्यासारखा बोलतो पण दुसऱ्या दिवशी त्याला आठवत नाही. तलाठी आणि दस्त लिहिणारे यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. सकाळी ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याचा दुपारी वाटणीपत्रावर अंगठा घेणारे पुत्र आपल्याकडं निघतात.

गावच्या कारभाऱ्यांसाठीही थोडं. ग्रामीण रुग्णालयाला इमारत असते, टेबल असतं, कधी सर्जनही असतो, पण भूलतज्ज्ञ नसला की सिझेरियन होत नाही. अडलेली बाई मग १०८ च्या गाडीतून पुढच्या गावाला. एमबीबीएस डॉक्टरांना जीव वाचवण्यापुरती भूल शिकवण्याचं अठरा आठवड्यांचं सरकारी प्रशिक्षण याचसाठी निघालं. तालुक्यातले खासगी भूलतज्ज्ञ तर दिवसभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात गाडीनं पळत असतात. रुग्ण कल्याण समितीवर बसणाऱ्यांनी बैठकीत रंगरंगोटीचा आणि पाण्याच्या टाकीचा विषय संपला की विचारावं: आपल्याकडं भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतो, रात्री बोलावला तर किती वेळात येतो, ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहेत का, जनित्रात डिझेल आहे का? वीज काही १९२४ मध्येच गेली नव्हती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाची फी पॅकेजमध्येच धरलेली असते. वेगळी मागितली तर आरोग्यमित्राला गाठा.

घरी सोडताना जो कागद देतात तो फडताळात उंदरांना खायला ठेवू नका. त्यावर भूल कोणती दिली, नळी घालताना अडचण आली का, एखादं औषध सोसलं नाही का, हे लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर मागून घ्या, भूलतज्ज्ञाच्या नावासकट. फोटो काढून लेकीच्या, जावयाच्या मोबाइलवर पाठवून द्या. पुढच्या वेळी टेबलावर आणाल तेव्हा तुम्ही स्वतः सांगायच्या अवस्थेत असालच असं नाही.